चोवीस शब्द आणि एक फ्री घर

अमेरिकेत बिंगो नुकता रुजू लागला होता, तेव्हाची गोष्ट सांगतात. पेनसिल्व्हेनियातल्या विल्क्स-बॅरी गावचे एक पाद्री चर्चसाठी निधी जमवायला हा खेळ लावत. लोक गर्दी करत, पण एकेका डावात पाच-सहा जण एकदमच ‘बिंगो’ ओरडत आणि बक्षिसं देता देता चर्चच्या हाती काही उरत नसे. पाद्रीबुवांनी गाऱ्हाणं नेलं ते एडविन लो यांच्याकडे. खेळ विकण्याचा धंदा करणाऱ्या लो यांनी १९२९ मध्ये जॉर्जियातल्या एका जत्रेत ‘बीनो’ पाहिला होता. लोक आकड्यांच्या कार्डांवर घेवड्याचे दाणे ठेवत बसले होते आणि उठायला तयार नव्हते. न्यूयॉर्कला परतल्यावर लो यांनी तोच खेळ ‘बिंगो’ या नावानं बाजारात आणला. पण खोक्यातली कार्डं मोजकी आणि खेळणारे शेकड्यानं, तेव्हा तीच तीच कार्डं अनेकांच्या हातात पडणार हे उघड होतं. शेवटी लो यांनी कोलंबिया विद्यापीठातले गणिताचे प्राध्यापक कार्ल लेफ्लर यांना गाठलं आणि आकड्यांचे गट सहसा जुळणार नाहीत अशी ६,००० कार्डं करून घेतली.

आज गूगल डॉक्समध्ये स्वतःच्या शब्दांचं बिंगो कार्ड करायला बसलेला माणूस नेमका इथंच अडतो. पाच बाय पाचचं टेबल घालणं दोन मिनिटांचं काम. त्यात चोवीस शब्द भरले, मधलं घर फ्री ठेवलं, छान रंग दिले आणि चाळीस प्रती काढल्या, की कार्यक्रमात चाळीसच्या चाळीस हात एकदम वर होतात. सजावट देखणी आणि खेळ बाद. बिंगो कार्डाचं खरं काम टेबलात नसतं. ते शब्दांच्या यादीत आणि त्या यादीच्या फिरवाफिरवीत असतं.

महाराष्ट्राला या खेळाचा इंग्रजी अवतार जास्त ओळखीचा आहे. हाउसी किंवा तांबोला इथं आला तो ब्रिटिश लष्कराच्या आणि क्लबांच्या वाटेनं, आणि आता सोसायटीचा गणेशोत्सव, महिला मंडळाचं हळदीकुंकू, भिशी, लग्नाआधीची संध्याकाळ असा कुठंही रमतो. गोव्यात गावोगावच्या फेस्तांत त्याला वेगळीच रंगत असते. त्याचं तिकीट तीन ओळी आणि नऊ रकान्यांचं. २७ घरांपैकी १५ घरांत आकडे, दर ओळीत बरोबर पाच. पहिल्या रकान्यात १ ते ९, दुसऱ्यात १० ते १९, असं करत शेवटच्या रकान्यात ८० ते ९०. सहा तिकिटांची एक पूर्ण पट्टी घेतली, तर १ ते ९० मधला प्रत्येक आकडा तिच्यात एकदाच येतो. म्हणजे पूर्ण पट्टी घेणाऱ्याला प्रत्येक पुकाऱ्याला काही ना काही खोडायला मिळतंच. ही रचना इतकी बांधीव आहे की हाउसीचं तिकीट हातानं करण्याच्या फंदात न पडता छापील वही विकत आणणंच बरं.

अमेरिकी बिंगो मोकळा आहे. पाच बाय पाचची चौकट, आकडे १ ते ७५, प्रत्येक रकान्याला पंधरा-पंधरा आकडे वाटून दिलेले आणि मधोमध एक फ्री घर. एवढ्याशा चौकटीत जितकी वेगवेगळी कार्डं होऊ शकतात, ती संख्या २७ आकडी आहे. आकड्यांऐवजी शब्द घालायचे तर हीच चौकट सोयीची. अशा शब्दांच्या बिंगोचं एक गाजलेलं उदाहरण संगणकवाल्यांचंच आहे. सिलिकॉन ग्राफिक्समधले टॉम डेव्हिस यांनी १९९३ मध्ये ऑफिसच्या बैठकांतल्या गुळगुळीत शब्दांची कार्डं केली, पुढच्या वर्षी ‘डिल्बर्ट’ या व्यंगचित्रमालेत तो खेळ झळकला, आणि १९९६ मध्ये अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष अल गोर एमआयटीच्या पदवीदान समारंभात बोलायला उभे राहिले, तेव्हा समोरच्या विद्यार्थ्यांच्या हातात त्यांच्याच आवडत्या शब्दांची बिंगो कार्डं होती.

दिवाळीचं कार्ड करायचं ठरवलं तर सुरुवात रिकाम्या डॉक्युमेंटनं नाही, यादीनं करावी. ऑनलाइन वर्ड प्रोसेसरचा मोठा फायदा इथंच आहे. गूगल डॉक्सचा पूर्वज ‘रायटली’ २००५ मध्ये आला आणि २००६ मध्ये गूगलनं तो विकत घेतला. एकाच मजकुरात अनेकांनी एकाच वेळी लिहावं, हे त्याचं बलस्थान तेव्हापासून आजपर्यंत टिकून आहे. यादीची लिंक मंडळाच्या ग्रुपवर टाकली आणि सगळ्यांना लिहिण्याची मुभा दिली, की कोल्हापूरची आत्या कडबोळी घालते, पणजीचा मामेभाऊ नरकासुर आणि फोव घालतो, कुणी कारीट, कुणी मोती साबण, कुणी किल्ल्यावरचे मावळे. चकली, अनारसे, चिरोटे, करंजी, शंकरपाळी, उटणं, वसुबारस, पाडवा, ओवाळणी, फुलबाजी हे तर येतातच. एकट्यानं यादी केली तर ती विसाच्या पुढं सहसा सरकत नाही. दहा घरांतून आली तर चाळीस शब्द सहज होतात आणि खेळताना प्रत्येकाला आपला शब्द कधी पुकारला जातो याची उत्सुकता राहते.

चाळीस हा आकडा उगाच घेतलेला नाही. यादीत चोवीसच शब्द असतील, तर घरांची जागा कितीही बदलली तरी सगळ्यांचं फुल हाउस, म्हणजे पूर्ण भरलेलं कार्ड, एकाच शब्दाला होणार. तीस शब्दांतून चोवीस निवडायचे म्हटलं, की ५,९३,७७५ वेगवेगळे संच होतात. चाळिसांतून चोवीस निवडले तर ६,२८५ कोटींहून जास्त. मंडळाला पन्नास कार्डं हवी असतात, तेव्हा तिसातूनही भागतं, पण चाळीस घेतल्यानं दोन कार्डांतला फरक डोळ्यांना दिसण्याइतका होतो.

इथं आणखी एक हिशेब पाहून ठेवावा. चाळीस शब्दांच्या यादीत एखादं ठरावीक कार्ड पूर्ण भरायला सरासरी ३९ शब्द पुकारावे लागतात, म्हणजे जवळजवळ अख्खी यादी. त्यामुळे शब्दांच्या बिंगोत फुल हाउसवर सगळी भिस्त ठेवली, तर डाव रेंगाळतो आणि शेवटी सगळे एका-दोन शब्दांच्या अंतरानं जिंकतात. आडव्या पाच, उभ्या पाच आणि तिरक्या दोन अशा बारा ओळी या चौकटीत आहेत. मुख्य बक्षिसं त्यांनाच लावावीत. हाउसीतली जल्दी पाच आणि चार कोपरे ही बक्षिसंही इथं छान बसतात.

आता टेबल. फाइल मेनूतल्या पेज सेटअपमध्ये कागद ए-फोर करावा, समास दीड सेंटिमीटर ठेवावेत आणि ‘पेजलेस’ची खूण असेल तर काढून ‘पेजेस’ निवडावं, कारण पेजलेसमध्ये पानाची हद्द दिसत नाही आणि छापताना कार्ड दोन पानांत तुटलं तरी आधी कळत नाही. ए-फोरची रुंदी २१ सेंटिमीटर, दोन्ही समास वजा जाता १८ उरतात, म्हणजे प्रत्येक घर ३.६ सेंटिमीटरचं. इन्सर्टमधून पाच बाय सहाचं टेबल घ्यावं. वरची ओळ अक्षरांसाठी. ‘बिंगो’ पाच घरांत मांडता येत नाही, पण वसुबारस या शब्दात बरोबर पाच अक्षरं आहेत, लक्ष्मीपूजनातही पाच. व, सु, बा, र, स अशी डोक्यावर अक्षरं आली, की कार्ड परकं वाटत नाही. मग अक्षरांची ओळ सोडून बाकीच्या पाच ओळी निवडून टेबल प्रॉपर्टीजमध्ये रकान्याची रुंदी आणि ओळीची उंची दोन्ही ३.६ करावी, मजकूर घराच्या मध्यावर आणावा. ही उंची किमान असते, हे मात्र ध्यानात ठेवावं. ‘नारळाच्या वड्या’ मोठ्या अक्षरांत घातल्या आणि शब्द दोनाच्या चार ओळींत मोडला, तर ती अख्खी ओळ फुगते आणि घरं चौरस राहत नाहीत. ‘वड्या’ पुरतात.

फॉन्टचा विचार मराठी कार्डाला वेगळा करावा लागतो. जुन्या डीटीपीच्या सवयीनं श्रीलिपीत टाइप केलेली यादी डॉक्समध्ये चिकटवली, तर युनिकोड नसल्यानं तिचा रोमन अक्षरांचा गिचमिडा होतो. यादी मोबाइलवर मराठी कळफलकानं लिहिलेली किंवा व्हॉइस टायपिंगनं बोलून घेतलेली असावी. फॉन्टच्या यादीत ‘मोअर फॉन्ट्स’ उघडून लिपी देवनागरी निवडली, की बरेच पर्याय दिसतात. मुंबईच्या ‘एक टाइप’चा मुक्ता घरांतल्या शब्दांना उत्तम. त्यांचाच ‘मोदक’ हा गुबगुबीत फॉन्ट मथळ्याला शोभतो, पण त्यात अक्षरांच्या पोटातली मोकळी जागा बारीक फटीएवढीच राहते, त्यामुळे लहान आकारात ‘लक्ष्मी’सारखं जोडाक्षर वाचणाऱ्याला त्रास देतं. कार्ड मुलांसाठी असेल तर ‘तिरो देवनागरी मराठी’ पाहावा. त्यात ल आणि श मराठी वळणाचे मिळतात. शाळेत गिरवलेलं अक्षर आणि कार्डावरचं अक्षर एकच असलं पाहिजे, निदान पहिली-दुसरीच्या मुलांसाठी तरी.

फिरवाफिरवी डॉक्सला जमत नाही. टेबलातले शब्द आपोआप उलटसुलट करण्याची सोय त्यात नाही, आणि हातानं शब्द हलवायला घेतले तर माणूस नकळत ठरावीक शब्द ठरावीक जागी ठेवत जातो. इथं गूगल शीट्सची मदत घ्यावी. चाळीस शब्द एका उभ्या रकान्यात लिहून, तो निवडून, डेटा मेनूतलं ‘रँडमाइझ रेंज’ दाबलं की क्रम बदलतो. वरचे पंचवीस घ्यायचे. ‘रॅपरोज’ हे सूत्र त्या पंचविसांची पाच बाय पाच अशी मांडणी करून देतं. मांडणीतलं तेरावं घर मधलं, तिथला शब्द डॉक्समध्ये आल्यावर पुसून पणतीचं चित्र घालायचं. ही पंचवीस घरं कॉपी करून डॉक्समध्ये चिकटवताना ‘अनलिंक्ड’ हा पर्याय निवडणं फार महत्त्वाचं. जोडणी शाबूत ठेवली आणि पुढच्या कार्डासाठी शीटमध्ये पुन्हा क्रम फिरवला, तर आधीचं कार्ड ‘अपडेट’ करण्याचं बटण दिसू लागतं, आणि कुणी सहज ते दाबलं की तयार कार्ड हातचं गेलं. चिकटवलेलं टेबल दिसायला साधं येतं. रुंदी, उंची आणि फॉन्ट पुन्हा लावावे लागतात. पन्नास कार्डांना हे काम कंटाळवाणं आहे, पण दोघातिघांनी पानं वाटून घेतली तर एका दुपारी उरकतं.

प्रत्येक कार्डाखाली अनुक्रमांक हवाच. कुणी ओळ झाल्याचं सांगितलं, की पुकारणारा क्रमांक विचारतो, मूळ फाइलमध्ये ते पान काढतो आणि पुकारलेल्या शब्दांशी ताडून पाहतो. दावा चुकला तर बोगी, हा हाउसीचा नियम इथंही चालतो.

पुकारण्यात खरी मजा आहे. शब्द नुसता वाचून दाखवण्यापेक्षा त्याची खूण सांगावी. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, गूळ घालून पीठ मुरवायचं, खसखशीवर थापून तळायचं म्हटलं की जाणत्या बायकांचे हात लगेच अनारशावर जातात. नरकचतुर्दशीला अंघोळीनंतर पायानं चिरडायचं कडू फळ म्हटलं, की आजोबा नातवाला कारीट दाखवतात. कार्डावर खूण करायला चिंचोके किंवा चुरमुरे ठेवले, तर तीच कार्डं पुढच्या डावाला वापरता येतात.

परदेशातल्या मराठी मंडळींना या कार्डांचा आणखी एक उपयोग आहे. उत्तर अमेरिकेत १९८१ पासून बृहन्महाराष्ट्र मंडळ काम करतं आणि तिथं ठिकठिकाणी मराठी शाळा भरतात. अशा वर्गांत मुलांना मराठी बोललेलं कळतं, वाचताना मात्र ती अडखळतात. शिक्षकानं ‘पणती’ म्हणायचं आणि मुलानं कार्डावरच्या घरांतून तो शब्द शोधायचा, यात वाचनाचा सराव खेळता खेळता होतो. लहान मुलांना तीन बाय तीनचंच कार्ड द्यावं. वीस शब्दांच्या यादीतून नऊ निवडायचे तर १,६७,९६० संच होतात, वर्गाला ते भरपूर आहेत.

आकड्यांची नावं हे तर अगदी इथल्याही मुलांचं दुखणं. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात एकवीसऐवजी ‘वीस एक’ असं वाचन आलं, तेव्हा महाराष्ट्रभर वाद झाला. वादाची बाजू कोणतीही घेतली तरी एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी यांत मुलं गोंधळतात हे खरं. असेच नेमके चुकणारे वीस-पंचवीस आकडे निवडून देवनागरी अंकांत कार्डं करावीत आणि पुकारताना फक्त नाव घ्यावं. पाढ्यांचंही जमतं. शिक्षकानं ‘सात सक’ म्हणून थांबायचं, मुलानं ४२ वर चिंचोका ठेवायचा. फक्त यादी करताना एक काळजी घ्यावी. २४ हे तीन आठेही असतात आणि चार सकही, म्हणून उत्तर यादीत एकदाच आलेलं असावं आणि त्यासाठी कोणता पाढा पुकारायचा हे आधी ठरवून घ्यावं.

कार्यक्रम झाल्यावर मूळ फाइल पुसू नये. लिंकच्या शेवटचा ‘एडिट’ काढून तिथं ‘कॉपी’ लिहून ती लिंक दुसऱ्या मंडळाला पाठवली, की उघडणाऱ्याला स्वतःची प्रत करून घ्यायची विचारणा होते आणि आपली फाइल जशीच्या तशी राहते. दिवाळीनंतर दोनेक आठवड्यांत तुळशीचं लग्न येतं. तोवर यादीतून फराळ आणि फटाके काढून ऊस, चिंचा, आवळे, बोरं, अंतरपाट, मंगलाष्टकं आणि अक्षता घालायच्या, क्रम पुन्हा फिरवायचा आणि नवी कार्डं छापायला घ्यायची.