मोबाइल सबस्क्रिप्शन ऑफरमध्ये आता पैसा का उरत नाही? जाहिरातीवर खर्च करण्याआधी हा हिशोब बघा



मागच्या आठवड्यात आपल्या एका तरुण प्रेक्षकाचा व्हॉइस मेसेज आला. "दादा, मी अ‍ॅफिलिएट मार्केटिंगचा कोर्स केलाय. सर म्हणाले, मोबाइल सबस्क्रिप्शनच्या ऑफर सगळ्यात सोप्या. गिऱ्हाइकाला कार्ड लागत नाही, यूपीआय लागत नाही. त्याने बटण दाबलं की आपलं कमिशन जमा. आईची भिशी लागलीये, ४० हजार आहेत. लावू का?"

मी म्हटलं, दोन दिवस थांब, आधी हिशोब लिहून देतो. तो हिशोब इथेच टाकतोय, कारण हाच प्रश्न घेऊन बसलेले अजून बरेच जण असतील.

आधी धंदा काय आहे ते समजून घेऊ. गेम, व्हिडिओ, राशिभविष्य, क्रिकेट अलर्ट अशी एखादी सेवा असते. गिऱ्हाईक ती घेतो आणि रोज किंवा दर आठवड्याला त्याच्या मोबाइल बॅलन्समधून किंवा बिलातून पैसे कापले जातात. तुम्ही अ‍ॅफिलिएट म्हणजे जाहिरात करून गिऱ्हाईक आणून देणारे. एक गिऱ्हाईक जोडला की तुम्हाला ठरलेली रक्कम मिळते. पण कापलेल्या पैशाचे वाटेकरी बरेच असतात. आधी मोबाइल ऑपरेटर आपला मोठा हिस्सा ठेवतो. मग ऑपरेटरला आणि सेवेला जोडणारी मधली कंपनी, म्हणजे एग्रीगेटर. मग सेवा चालवणारी कंपनी. ती आपल्या वाट्यातून अ‍ॅफिलिएट नेटवर्कला देते आणि नेटवर्क तुम्हाला देतं. म्हणजे पंगतीत तुम्ही सगळ्यात शेवटी बसलेले.

आता यातला पैसा यायचा कुठून, हे मला कोर्समध्ये नाही, काउंटरवर कळलं. आमचं रिचार्जचं दुकान. २०११-१२ च्या सुमाराला मी कॉलेज करून संध्याकाळी गल्ल्यावर बसायचो. दहा रुपयांचं टॉप-अप मारून घेणारे आजोबा दुसऱ्या दिवशी परत यायचे, "अरे, फोन केलाच नाही, तरी बॅलन्स कसा कमी झाला?" फोन हातात घेऊन मेसेज बघितले की कळायचं, कुठलीतरी अलर्ट सेवा चालू आहे. कधी कॉलर ट्यून, कधी जोक्स. आजोबांना इंग्रजी मेसेज वाचता येत नव्हता, बंद कसं करायचं हे माहीत नव्हतं. मी बंद करून द्यायचो. दिवसाला असे चार-पाच तरी यायचे. काही लोक मात्र स्वतःहून कॉलर ट्यून लावायचे, हौसेने गाणं बदलायचे, तेही खरंच आहे. पण आजोबांसारखे लोक जेवढे आठवडे गप्प राहायचे, तेवढे आठवडे वरच्या सगळ्या वाटेकऱ्यांना पैसे मिळायचे. या धंद्यातला नफा समजून घ्यायचा तर एवढंच लक्षात ठेवा: तुमचं कमिशन क्लिकमधून येत नाही, गिऱ्हाईक किती आठवडे टिकतो त्यातून येतं. आणि बरेच गिऱ्हाईक टिकायचे ते आवडलं म्हणून नाही, कळलं नाही म्हणून.

ते "न कळणं" एकेक करून बंद होत गेलं. कसं ते बघा.

आपल्याकडे पहिला मोठा दणका ट्रायने दिला. जुलै २०१३ मध्ये आदेश आला की अशी सेवा चालू करताना गिऱ्हाइकाची दोनदा संमती घ्यायची, आणि दुसरी संमती सेवा विकणाऱ्या कंपनीच्या हातात ठेवायची नाही. सेवा बंद करायला १५५२२३ हा एकच टोल-फ्री नंबर सगळ्या ऑपरेटरना लावला. चुकून बोट लागून चालू झालेलं सबस्क्रिप्शन तिथेच अडायला लागलं.

पण माझ्या मते भारतात हा धंदा खरा कशाने आटला असेल तर तो नियमाने नाही, रिचार्जच्या पद्धतीने. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं. त्याआधी लोक टॉप-अप मारायचे, फोनमध्ये मेन बॅलन्स असायचा. त्यातून तीन रुपये, पाच रुपये कापता यायचे. जिओनंतर सगळेच ऑपरेटर अनलिमिटेड पॅकवर आले. आता गिऱ्हाईक २८ दिवसांचा किंवा ८४ दिवसांचा पॅक मारतो आणि मेन बॅलन्स बहुतेकांचा शून्य. तुमचाच बघा. जिथे कापायला पैसेच नाहीत तिथे कापणार काय? वर पुन्हा कॉलर ट्यून, गाणी, क्रिकेटचे स्कोअर हे सगळं पॅकबरोबर किंवा इंटरनेटवर फुकट. आमच्या दुकानात त्यानंतर "बॅलन्स कापला" ही तक्रार घेऊन येणारा माणूस जवळजवळ दिसेनासाच झाला.

तांत्रिक बाजूही बदलली. तुमच्या कोर्सच्या सरांनी "एक बटण दाबलं की झालं" म्हटलं ना, ते चालायचं कारण असं: गिऱ्हाईक मोबाइल डेटावर असला की ऑपरेटर त्याचा नंबर आपोआप ओळखून वेबसाइटला कळवायचा. याला हेडर एनरिचमेंट म्हणतात. नंबर टाकायलाच लागायचा नाही. पण गिऱ्हाईक वायफायवर असला तर हे चालत नाही. शिवाय वेबसाइट एचटीटीपीएसवर गेल्या आणि मध्येच नंबर घुसवणं बंद झालं, वेगळी वाट काढावी लागली. मग नंबर टाका, ओटीपी येईल, तो टाका, अशी पायरी वाढली. डिसेंबर २०१८ मध्ये क्रोमच्या ७१ व्या आवृत्तीने अजून एक गोष्ट केली. मोबाइल बिलातून पैसे कापणारं पान किंमत नीट सांगत नसेल तर क्रोम उघडण्याआधीच इशारा दाखवतो. दुकानाच्या दारातच कोणीतरी "आत जाण्याआधी विचार करा" अशी पाटी घेऊन उभं राहावं, तसं.

"दादा, भारत संपला असेल, पण आम्ही बाहेरचे देश मारतोय," असंही एकजण म्हणाला. बाहेरचीही गोष्ट तीच आहे, फक्त तारखा वेगळ्या. अमेरिकेत न मागितलेल्या सेवेचे पैसे फोनच्या बिलात घुसवण्याला क्रॅमिंग म्हणतात. सहसा महिन्याला ९.९९ डॉलर. २०१३ च्या शेवटी तिथल्या मोठ्या ऑपरेटरनी प्रीमियम एसएमएसची बहुतेक बिलिंग बंद करायचं जाहीर केलं. २०१४ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनच्या कारवाईत एटी अँड टीने १०५ दशलक्ष डॉलर आणि टी-मोबाइलने किमान ९० दशलक्ष डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. टी-मोबाइलवरच्या तक्रारीत एक आकडा होता तो धंद्याच्या नजरेने वाचा: काही सेवांमध्ये एका महिन्यात ४० टक्क्यांपर्यंत गिऱ्हाइकांना पैसे परत दिले जात होते, तरी सेवा चालूच. शंभरातले चाळीस जण माल परत आणून टाकतात असं दुकान तुम्ही चालवाल का? दक्षिण आफ्रिकेतही सबस्क्रिप्शनला दुहेरी संमती लागते. जिथे नियम ढिले आहेत तिथे आज चालतं, मान्य. पण तिथे जगभरचे अ‍ॅफिलिएट एकदम घुसतात, जाहिरात महाग होते, तक्रारी वाढतात आणि ऑपरेटर नियम कडक करतो. आपण पोचेपर्यंत बाजार उठलेला असतो.

आता वही काढा

खालचे आकडे मी समजायला घेतलेत. तुमच्या ऑफरचे खरे आकडे घालून बघा.

समजा सेवा आठवड्याला ३० रुपयांची आहे. ऑपरेटरने निम्मे ठेवले, उरले १५. एग्रीगेटरचे ३ गेले, कंपनीच्या हातात १२. कंपनी एका गिऱ्हाइकामागे नेटवर्कला ४० देते, त्यातले तुम्हाला ३२. म्हणजे कंपनीचे पैसे वसूल व्हायला गिऱ्हाईक किमान चार आठवडे टिकला पाहिजे, आणि चारही वेळा बॅलन्स असला पाहिजे.

जुन्या काळात, एका बटणाच्या दिवसांत, समजा १०० क्लिकमागे ८ जण जोडले जायचे. क्लिक दीड रुपयाला, खर्च १५०. कमिशन ८ गुणिले ३२, म्हणजे २५६. हातात १०६ रुपये. चांगला धंदा!

आता ओटीपीची पायरी आली. १०० क्लिकमागे ८ ऐवजी २ जण शेवटपर्यंत जातात. कमिशन ६४, खर्च तोच १५०. नुकसान ८६.

इथे कोर्सवाले सांगतात, "पण ओटीपीवाल्या गिऱ्हाइकाचं कमिशन जास्त मिळतं." बरोबर आहे, तो जाणूनबुजून आलेला असतो, म्हणून मिळतं. समजा ३२ चे ५० झाले. दोघांचे १००, तरी ५० चा खड्डा. तुमचा खर्च नुसता भरून निघायला ७५ कमिशन लागेल. ७५ ला १२ ने भागा: कंपनीला सात आठवडे गिऱ्हाईक टिकवावा लागेल, तेही नेटवर्कचा वाटा न धरता. फुकट मिळणाऱ्या क्रिकेट स्कोअरसाठी जाणूनबुजून सात आठवडे पैसे देणारा माणूस मला आजवर भेटला नाही. म्हणून कंपनी ७५ देत नाही. कंपनी तुमच्यावर डूख धरून आहे असं नाही, तिलाच परवडत नाही.

यात अजून दोन गोष्टी मिळवा ज्या कोर्समध्ये सहसा सांगत नाहीत. एक म्हणजे भांडवल अडकणं. जाहिरातीचे पैसे आज जातात, नेटवर्कचं पेमेंट साधारण महिन्याने येतं. रोज २,००० ची जाहिरात म्हणजे १८ टक्के जीएसटी धरून २,३६०. तुमच्याकडे जीएसटी नंबर नसेल तर ते ३६० परत मिळत नाहीत, तो थेट खर्च. तीस दिवसांत ७०,८०० रुपये बाहेर गेले आणि पहिलं पेमेंट अजून यायचंय. ४० हजारवाला सतराव्या दिवशी रिकामा! वरच्या दीड रुपयाच्या क्लिकमध्ये हा जीएसटी धरलाच नव्हता, तो धरला तर तोटा अजून वाढतो.

दुसरी म्हणजे कापाकापी. महिन्याअखेर नेटवर्क म्हणतं, तुमचे इतके गिऱ्हाईक अवैध, दर्जा खराब, पैसे मिळणार नाहीत. कधी ते खरं असतं, कधी नसतं, आणि तपासायला तुमच्या हातात काहीच नसतं, कारण गिऱ्हाईक टिकला की नाही हा आकडा त्यांच्याकडे. माझ्या ओळखीच्या एकाचे असे दीड महिन्याचे पैसे गेले. तो भांडला, मेल केले, शेवटी नाद सोडला.

आणि आता कार्ड-यूपीआयकडे वळलेल्या सबस्क्रिप्शन ऑफर? तिथेही "विसरलेला गिऱ्हाईक" मिळणं अवघड होत चाललंय. कार्डावरच्या ऑटो पेमेंटला रिझर्व्ह बँकेचे नियम ऑक्टोबर २०२१ पासून पूर्ण लागू झाले. पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी गिऱ्हाइकाला कळवावं लागतं. यूपीआय ऑटोपे गिऱ्हाईक स्वतःच्या अ‍ॅपमधून बंद करू शकतो. ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्राने डार्क पॅटर्नविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यातल्या १३ प्रकारांत सबस्क्रिप्शन ट्रॅप हा एक प्रकारच आहे. म्हणजे चालू करणं सोपं आणि बंद करणं मुद्दाम अवघड ठेवणं. अशी ऑफर विकली तर जाहिरातीचं अकाउंट बंद पडायची भीती असतेच.

मग सबस्क्रिप्शनची अ‍ॅफिलिएट कमाई करायचीच नाही का? करा. वेब होस्टिंग, बिलिंग सॉफ्टवेअर, दुकानदाराला रोज लागणारं काहीही. ते घेणारा माणूस किंमत बघून घेतो आणि गरज आहे म्हणून पुढच्या वर्षी परत भरतो. गिऱ्हाईक हळूहळू मिळतात, कबूल. या विषयावर वेगळा व्हिडिओ करतोय.

त्या मुलाला मी नेटवर्कच्या मॅनेजरला पाठवायला चार प्रश्न लिहून दिले. गिऱ्हाईक तिसाव्या दिवशी टिकण्याचं प्रमाण किती? पहिल्या प्रयत्नात पैसे कापले जाण्याचं प्रमाण किती? अवैध गिऱ्हाईक कोण ठरवतं, आणि त्याची यादी मिळते का? पेमेंट किती दिवसांनी, आणि किमान किती रक्कम झाल्यावर?

काल त्याचा मेसेज आला. चारपैकी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मिळालंय. बाकी तिनांवर मॅनेजरने नवीन ऑफरची लिंक पाठवलीये. भिशीचे पैसे सध्या आईच्याच खात्यात आहेत.