बिशपसाहेबांना तोशीस लागू देणार नाही

दुय्यम निबंधक कार्यालयात नोकरी झालेल्या माणसाला एक खोड लागते. कुठलाही दस्त समोर आला की आधी ठरीव मजकूर डोळ्यांआड करायचा आणि हाताने काय भरलंय ते बघायचं. 'मिळकत निर्वेध व निजोखमी आहे' हे प्रत्येक खरेदीखतात असतंच. खरी माहिती नावांत, चतुःसीमेत, भरण्यात आणि खाडाखोडीत.

माझी मुलगी यॉर्कशायरमध्ये नांदते. विहीणबाईंना घराण्याचा इतिहास लावायचा नाद आहे. अठराव्या शतकाच्या अखेरच्या एका लग्नाच्या कागदांच्या प्रती त्यांनी मला पाठवल्या, तेव्हा ही खोड कामी आली. त्या सगळ्या कागदांना 'लायसन' म्हणत होत्या. पण लायसन त्यात नव्हतंच! ते नवरदेवाच्या हाती दिलं जायचं, तो ते लग्न लावणाऱ्या पाद्र्याला द्यायचा आणि बहुतेक वेळा ते तिथेच कुठेतरी गहाळ व्हायचं. बिशपच्या दप्तरात उरायचं ते लायसन मिळवण्यासाठी दिलेलं शपथपत्र आणि १८२३ पर्यंत त्याच्या जोडीला मुचलका. यॉर्कच्या धर्मप्रांताचे असे कागद आज यॉर्क विद्यापीठाच्या बॉर्थविक संस्थेत आहेत.

लायसन लागायचं कशाला? इंग्लंडच्या चर्चमध्ये लग्नाआधी तीन रविवार भर प्रार्थनेत पुकारा व्हायचा, कुणाची हरकत असेल तर सांगा म्हणून. आपल्याकडे १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात तीस दिवसांची नोटीस फळ्यावर लावतात, हेतू तोच. फी भरून लायसन घेतलं की पुकारा टळे. कुणी घाईपोटी घेई, कुणी नवरीला दिवस गेलेले असत म्हणून, कुणी गाव सोडून दुसरीकडे राहत असे म्हणून. आणि कित्येक जण निव्वळ ऐटीपोटी.

मुचलक्यातला दोनशे पौंडांचा आकडा बघून विहीणबाई हरखल्या होत्या. पणजोबांचे पणजोबा गबर असणार! मी त्यांना कळवलं, हा जामीनकतबा आहे. यात पैसा हातचा सुटत नाही. सांगितलेलं खोटं निघालं तरच दंड. शंभर-दोनशेचे आकडे त्या काळी सर्रास घालत. दुसऱ्या जामीनदाराचं नाव तर कधीकधी 'जॉन डो' असं नुसतं काल्पनिक असे. त्याला वंशावळीत शोधत बसू नये.

'वय २१ वर्षे व त्याहून अधिक' यातही काही सापडत नाही. माणूस बावीसचा असेल नाहीतर पन्नाशीचा. कारकुनाला एवढंच हवं होतं की तो सज्ञान आहे. २१ च्या आतला असेल तर मात्र कागद बोलका होतो. लॉर्ड हार्डविक यांचा १७५३ चा विवाह कायदा २५ मार्च १७५४ पासून लागू झाला. त्यानुसार अज्ञान वधूवराने वडिलांच्या, किंवा ते हयात नसतील तर पालकाच्या संमतीवाचून लायसनवर लग्न केलं तर ते रद्दबातल. म्हणून तिथे वडिलांचं नाव, संमती, कधी सही नाहीतर फुलीही मिळते. हा कायदा स्कॉटलंडला लागू नव्हता, म्हणून पळून जाणारी जोडपी सीमेपलीकडच्या ग्रेटना ग्रीनला जात. 'या पॅरिशचा', म्हणजे त्या चर्चच्या हद्दीचा, 'रहिवासी' याचीही त्या '२१ वर्षां'सारखीच गत: त्या कायद्याला चार आठवड्यांचा मुक्काम पुरे होता, १८२३ च्या कायद्याने तो १५ दिवसांवर आणला. त्याला मूळ गाव समजून शोध घेतला तर हाती काही लागायचं नाही.

असल्या सगळ्या कागदांत माझा सर्वांत आवडता दस्त मात्र शेक्सपिअरचा. वूस्टरच्या बिशपच्या वहीत २७ नोव्हेंबर १५८२ रोजी लायसनची नोंद आहे. वधू 'टेंपल ग्राफ्टनची अ‍ॅन व्हेटली'. दुसऱ्याच दिवशीच्या मुचलक्यात वधू 'स्ट्रॅटफर्डची अ‍ॅन हॅथवे'. यावरून दुसरी प्रेयसी असल्याच्या कादंबऱ्या रचल्या गेल्या. मला त्यात कारकून दिसतो. त्याच दिवशी त्या कचेरीत व्हेटली आडनावाच्या एका पाद्र्याचा दावा चालला होता. ते नाव डोक्यात घोळत असताना वहीत उतरलं असावं, असं बऱ्याच अभ्यासकांचंही म्हणणं आहे. असल्या चुका मी आयुष्यभर दुरुस्तीपत्रांत निस्तरल्या आहेत.

मुचलका चाळीस पौंडांचा. जामीनदार दोघे शेतकरी, फुल्क सँडेल्स आणि जॉन रिचर्डसन, दोघेही वधूच्या वारलेल्या वडिलांच्या ओळखीतले. ठरीव मजकुरात रक्ताचं नातं आड येत नाही, आधी कुणाला वचन दिलेलं नाही आणि काही निघालंच तर बिशपसाहेबांना तोशीस लागू देणार नाही, अशी हमी. 'तोशीस लागू देणार नाही' हे वाचून मी खुर्चीत सरळ बसलो. आमच्या खरेदीखतातलं कलमच ते! पण या जोडप्यापुरतं खास होतं ते एवढंच की पुकारा एकदाच करायची मुभा आणि वधूच्या 'स्नेह्यां'च्या, म्हणजे त्या काळच्या अर्थाने आप्तांच्या, संमतीची अट. अठरा वर्षांचा मुलगा, सव्वीस वर्षांची मुलगी, आणि २६ मे १५८३ ला त्यांच्या सुझॅनाचा बाप्तिस्मा. एका पुकाऱ्यावर का भागवलं हे वेगळं सांगायला नको.

एवढं असून त्यांच्या लग्नाची नोंद सापडलेली नाही. लायसन म्हणजे लग्न नव्हे, फक्त परवानगी. विहीणबाईंना मी म्हटलं, शपथपत्रात ज्या चर्चचं नाव भरलंय तिथलं रजिस्टर काढा. १७५४ नंतरच्या रजिस्टरात लग्न पुकाऱ्याने लागलं की लायसनने, तेही लिहिलेलं असतं. तारखाही जपून. १७५२ पूर्वी इंग्लंडात नवं वर्ष २५ मार्चला लागे, त्यामुळे फेब्रुवारी १७३५ म्हणजे आपल्या हिशेबाने १७३६. काही कागदांत तर नुसतं राजाच्या किंवा राणीच्या कारकिर्दीचं वर्ष. राज्याभिषेक शकाची पत्रं वाचणाऱ्यांना त्याचं कौतुक नाही.

ज्यांचे पूर्वज मुंबई इलाख्यातल्या चर्चमधले आहेत, त्यांच्यासाठी एक सांगतो. तिथल्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफनांच्या नोंदींच्या प्रती लंडनला जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस दप्तरात आहेत. मुंबईचा क्रमांक एन/३.