पर्शियन पंडिताची बाजू

१२ सप्टेंबर २००६ रोजी पोप सोळावे बेनेडिक्ट जर्मनीतल्या रेगेन्सबुर्ग विद्यापीठात व्याख्यानाला उभे राहिले. पूर्वी ते इथेच प्राध्यापक होते. विषय होता श्रद्धा आणि विवेकबुद्धी. त्यांचा बराचसा रोख होता तो श्रद्धेला विद्येच्या प्रांतातून हद्दपार करणाऱ्या आधुनिक युरोपवर. पण सुरुवातीलाच त्यांनी बायझंटाइन सम्राट दुसरा मॅन्युएल याचे, प्रेषित मुहम्मदांच्या शिकवणुकीबद्दलचे कठोर उद्गार उद्धृत केले. १३९१च्या सुमारास एका पर्शियन पंडिताशी झालेल्या वादातले ते उद्गार. जगभर पोचलं ते तेवढंच. अनेक देशांत निदर्शनं झाली, वेस्ट बँकेत चर्चवर हल्ले झाले. पोपनी खेद व्यक्त केला आणि ते आपलं मत नसल्याचंही स्पष्ट केलं.

त्या जुन्या वादाची नोंद बहुधा सम्राटानेच केली होती. म्हणून त्याचं म्हणणं त्यात ऐसपैस आलं आणि पंडिताची उत्तरं थोडक्यात. ही उणीव पोपनी व्याख्यानात सांगितलीही होती, पण गदारोळात तिकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

लक्ष दिलं ते ३८ मुस्लिम विद्वानांनी. महिन्याभरात त्यांनी पोपना एक खुलं पत्र लिहिलं. त्यात शिवीगाळ नाही, धमकी नाही. मुद्द्याला मुद्दा आहे. धर्मात सक्ती नाही, असं सांगणारी कुराणातली आयत मुहम्मद दुर्बल असतानाच्या सुरुवातीच्या काळातली असावी, असं पोप म्हणाले होते. पत्राने दाखवून दिलं की ती मदिनेच्या काळातली आहे, म्हणजे मुसलमानांच्या हाती सत्ता आल्यानंतरची. या एका दुरुस्तीने सगळ्या युक्तिवादाचा तोल बदलतो. सह्या करणाऱ्यांत सुन्नी होते तसे शियाही, इजिप्तचे मुफ्ती होते तसे बोस्नियाचेही. बोस्नियातला मुसलमान शतकानुशतकं युरोपातच राहतो. इस्लाम एकीकडे आणि पश्चिम दुसरीकडे अशी रेघ ओढणाऱ्यांनी त्याला कुठल्या बाजूला ठेवायचं?

वर्षभरानंतर, ऑक्टोबर २००७ मध्ये, १३८ विद्वानांनी दुसरं पत्र काढलं. जॉर्डनचे राजपुत्र गाझी बिन मुहम्मद यांचा त्यात पुढाकार होता. ते केवळ पोपना नव्हतं. ऑर्थोडॉक्स, अँग्लिकन, लुथेरन अशा सगळ्या चर्चप्रमुखांना होतं. ईश्वरावर प्रेम आणि शेजाऱ्यावर प्रेम ही दोन्ही धर्मांची सामाईक भूमी आहे, असा त्याचा गाभा. मला त्यातलं धाडस वाटतं ते हे, की कुराणाच्या आयतींशेजारी बायबलमधली वचनं तितक्याच आदराने दिली आहेत. येल विद्यापीठातल्या ख्रिस्ती विद्वानांनी उत्तर लिहिताना धर्मयुद्धांबद्दल क्षमा मागितली. काही ख्रिस्ती मंडळींना ते रुचलं नाही आणि त्यांनी तसं उघड लिहिलं. नोव्हेंबर २००८ मध्ये दोन्ही बाजूंची माणसं व्हॅटिकनमध्ये समोरासमोर बसली.

पुढचा रस्ता सरळ नव्हता. २०११च्या पहिल्या दिवशी इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियात कॉप्टिक, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती लोकांच्या, चर्चबाहेर स्फोट झाला, वीसहून अधिक माणसं गेली. मध्यपूर्वेतल्या ख्रिस्ती लोकांना संरक्षण मिळावं, असं पोप म्हणाले. इजिप्तला तो हस्तक्षेप वाटला आणि कैरोच्या अल-अझहर या सुन्नी विद्यापीठाने व्हॅटिकनशी संवाद थांबवला. गोठलेले संबंध सुधारले ते २०१६ मध्ये, अल-अझहरचे प्रमुख इमाम अहमद अल-तय्यब नंतरचे पोप फ्रान्सिस यांना भेटायला व्हॅटिकनमध्ये गेले तेव्हा. ४ फेब्रुवारी २०१९ रोजी अबुधाबीत या दोघांनी मानवी बंधुत्वाच्या दस्तऐवजावर सह्या केल्या.

त्यातला एक भाग मला प्रेमाच्या सगळ्या वचनांहून मोलाचा वाटतो. कुणालाही अल्पसंख्याक म्हणून कमी लेखू नका, त्याला पूर्ण नागरिकत्व द्या, असं तो सांगतो. चर्च बांधण्याची परवानगी मागणारा इजिप्तमधला कॉप्टिक माणूस आणि हिजाब घालून नोकरीच्या मुलाखतीला जाणारी फ्रान्समधली मुलगी, दोघांनाही ही मागणी लागू पडते. पोप आणि इमाम तिच्याखाली सही करू शकतात. ती पुरी करणं मात्र इजिप्त आणि फ्रान्सच्या संसदांच्या हातात आहे.