एक रोझ, चार अभिनेत्री

'जिप्सी' हे ब्रॉडवेचं गाजलेलं संगीत नाटक १९५९चं. मुलींना स्टार बनवायला निघालेली हट्टी आई रोझ ही त्याची नायिका. प्रत्येक मोठ्या अभिनेत्रीने ती वेगळी घडवली.

🎭 इथेल मर्मन (१९५९): ज्यूल स्टाइन यांचं संगीत तिच्या खणखणीत आवाजासाठीच बेतलेलं. ही रोझ म्हणजे वादळच.

🎭 अँजेला लॅन्सबरी (लंडन १९७३, ब्रॉडवे १९७४): अभिनयावर भर. 'रोझेस टर्न' या शेवटच्या गाण्यानंतर टाळ्या थांबायच्या, तरी ती वाकून अभिवादन करतच राहायची. रोझला ऐकू येणाऱ्या टाळ्या तिच्या मनातल्याच, हे लक्षात येऊन अंगावर काटा यायचा. टोनी पुरस्कारही मिळाला.

🎭 पॅटी ल्युपोन (२००८): संहिताकार आर्थर लॉरेन्ट्स यांनीच नव्वदीत दिग्दर्शन केलं. धगधगती, भुकेली रोझ. हिलाही टोनी.

🎭 ऑड्रा मॅकडोनाल्ड (२०२४): ब्रॉडवेवरची पहिली कृष्णवर्णीय रोझ. शास्त्रीय तालमीतल्या सोप्रानो आवाजामुळे तीच गाणी जास्त हळवी वाटतात आणि रोझच्या धडपडीला वर्णभेदाचा संदर्भ मिळतो.

माझं मत लॅन्सबरीला! चौघींचेही अल्बम आहेत. 'रोझेस टर्न' लागोपाठ ऐका आणि तुमची रोझ कोणती ते नक्की सांगा.