मंत्र्यांच्या डोक्यावरून गेलेलं गाणं

बोरिवलीत गोराई रस्त्यावरून जाताना विविध भारती या रेडिओ केंद्राकडे एकदा तरी मान वळवून बघा. सरकारचं हे सिनेमाच्या गाण्यांचं घर जन्माला आलं कशामुळे? गाण्यांच्या मुस्कटदाबीमुळे!

१९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणीमंत्री झाले. पुण्यात जन्मलेला, पॅरिसला शिकलेला, शास्त्रीय संगीतावर जीव टाकणारा माणूस. सिनेमाची गाणी त्यांना उथळ वाटत. त्यांनी रेडिओवर गाण्यांची वेळ छाटली, वर सिनेमाचं नावही घ्यायचं नाही म्हणाले. ती फुकटची जाहिरात! निर्माते बिथरले, त्यांनी परवानग्याच काढून घेतल्या. थोड्याच महिन्यांत गाणी गप्प.

मग गाण्यांनी काय केलं? ती विमानात बसली आणि कोलंबोला गेली! निवेदक अमीन सायानींचा गाण्यांचा कार्यक्रम ‘बिनाका गीतमाला’ ध्वनिमुद्रित व्हायचा मुंबईतच, पण वाजायचा रेडिओ सिलोनवरून, म्हणजे आजच्या श्रीलंकेतून. दुसऱ्या महायुद्धात दोस्तसैन्यासाठी बसवलेली दणकट यंत्रणा तिथे आयतीच हाती लागली होती.

पण थांबा. कोलंबो दीड हजार किलोमीटर दूर, त्यात पृथ्वी गोल. सरळ निघालेली लहर तर अवकाशात निसटायला हवी. ती मुंबईच्या चाळीत उतरायची कशी?

उत्तर आपल्या डोक्यावर आहे. शंभर ते तीनशे किलोमीटर उंचीवर सूर्याच्या किरणांनी विरळ हवेत विद्युतभार जागवलेला असतो. हे आयनांबर. रेडिओच्या लघुलहरी (शॉर्टवेव्ह) त्यात शिरतात, वाकत जातात आणि पुन्हा जमिनीकडे वळतात. कॅरमची सोंगटी कडेला आपटून नेमकी भोकात जावी, तशी!

आता गंमत बघा. स्टुडिओ मंत्र्यांचे, प्रक्षेपक मंत्र्यांचे, नियमही मंत्र्यांचे. पण आयनांबराला नियम कोण लावणार? बुधवारी रात्री आठला रेडिओचा कान पिळला की अंधेरीत काय नि मुलुंडात काय, गाणं हजर.

त्याच दशकात सोव्हिएत रशियात पाश्चात्त्य जॅझला मज्जाव होता. तिथल्या पोरांनी दवाखान्यांतून टाकून दिलेल्या एक्स-रे फिल्मवर तबकड्या कोरल्या. कुणाच्या तरी बरगड्यांवरून सुई फिरायची आणि जॅझ वाजायचं! आपल्या गाण्याला आभाळ मिळालं, त्यांच्या गाण्याला हाडं.

अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी सरकारनं स्वतःच विविध भारती सुरू केली. सिलोनकडे वळलेले कान परत आणायचे, तर सिनेमाची गाणी वाजवण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

आणि तेव्हा नभोवाणीमंत्री कोण होते? केसकरच!