वजीर घ्या, राजा द्या!

थॉमस कप म्हटलं की बॅडमिंटन आठवतं. २०२२ मध्ये बँकॉकला भारताने इंडोनेशियाला ३-० ने लोळवून तो पहिल्यांदा जिंकला, तेव्हा मुंबईचा चिराग शेट्टी संघात होता. पण ज्यांच्या नावाचा हा कप, ते जॉर्ज थॉमस बुद्धिबळातलेही तगडे खेळाडू होते. नशीब असं, की बुद्धिबळात त्यांचं नाव अमर झालं ते हरलेल्या डावामुळे!

लंडन, १९१२. समोर एडवर्ड लास्कर. अकराव्या चालीला लास्करने वजीर थेट थॉमसच्या राजाशेजारच्या प्याद्यावर आदळला. राजाने वजीर खाल्ला आणि पुढच्याच चालीला दुहेरी शह बसला. घोड्याने समोरचा उंट मारत शह दिला, आणि घोडा हलताच त्याच्यामागे दडलेल्या उंटाचाही शह लागला. दुहेरी शहाची गोम हीच. एकाला मारलं तरी दुसरा उरतो, मध्ये मोहरा घालूनही भागत नाही, राजाला पळावंच लागतं. थॉमसचा राजा पळाला तो पावलोपावली शह खात, थेट लास्करच्या पहिल्या ओळीत! अठराव्या चालीला लास्करने आपला राजा एक घर बाजूला घेतला, मागच्या हत्तीची वाट मोकळी झाली आणि मात. तिथे राजा आणि हत्ती एकदम हलवून कॅसलिंग केलं असतं तरी मातच होती. लास्कर पेशाने इंजिनिअर, उगाच दोन मोहरे कशाला हलवा, असं वाटलं असेल.

असे डाव पाहून नवशिक्यांना वाटतं, हल्ला म्हणजे मोहरे उधळणं. चूक. हल्ल्यात मोजायची असते हजेरी. पटावर कुणाचे किती मोहरे आहेत यापेक्षा राजाभोवतीच्या मारामारीत किती हजर आहेत, हे बघा.

सगळं दिलं, तरी जिंकला

१८५१ सालचा अँडरसन विरुद्ध किझेरित्स्की हा ‘अमर डाव’ या हजेरीच्या हिशेबाचा बिनतोड पुरावा. ब्रेस्लाऊचा गणिताचा मास्तर अँडरसन लंडनला स्पर्धेसाठी आला होता, हा डाव मात्र स्पर्धेबाहेरचा, गमतीखातर खेळलेला. त्याने एक उंट दिला, दोन्ही हत्ती दिले, शेवटी वजीरही दिला. हिशेबाच्या वहीत मास्तर साफ बुडालेला! पण किझेरित्स्कीचा वजीर आणि एक उंट कुठे होते? हत्ती खायला गेलेले, ते पांढऱ्याच्या पहिल्या ओळीत अडकून बसलेले. त्याचा राजा एकटा. अँडरसनकडे उरलेले दोन घोडे आणि एक उंट तिथे हजर होते. तेविसाव्या चालीला मात. आणि किझेरित्स्कीचा दिलदारपणा बघा, आपल्याच पराभवाचा हा डाव त्याने आपल्या मासिकात छापला.

नाटक राहिलं बाजूला

पॅरिस, १८५८. ऑपेरा चालू असताना, ड्यूक ऑफ ब्रन्सविक आणि काउंट इझुआर असे दोघे मिळून एकवीस वर्षांच्या पॉल मॉर्फीशी खेळले. सतराव्या चालीला खलास. मॉर्फीने शेवटी वजीर दिला, तेव्हा त्याच्याकडे एक हत्ती, एक उंट आणि प्यादी एवढंच शिल्लक होतं. काळ्याच्या राजाच्या बाजूचा उंट आणि हत्ती यांनी मात होईपर्यंत जागा सोडली नव्हती! मॉर्फीने मात्र जवळपास प्रत्येक चालीला नवा मोहरा मैदानात आणला होता.

१९५६ मध्ये न्यूयॉर्कला तेरा वर्षांच्या बॉबी फिशरने डोनाल्ड बर्नला वजीर खाऊ दिला, त्याचीही कथा तीच. फिशरचा घोडा आणि उंट आळीपाळीने शह देत राहिले आणि त्या गडबडीत बर्नचा एकेक मोहरा टिपला गेला. बुद्धिबळाच्या भाषेत ही ‘विंडमिल’. एक्केचाळिसाव्या चालीला मात झाली, तेव्हा बर्नचा वजीर पटाच्या दुसऱ्या टोकाला नुसता उभा होता.

आता एक दंतकथा. ब्रेस्लाऊला १९१२ मध्येच फ्रँक मार्शलने लेवित्स्कीविरुद्ध वजीर अशा घरात ठेवला, जिथे तो तीन प्रकारे मारता येत होता आणि तिन्ही प्रकारे डाव हरत होता. लेवित्स्कीने तिथेच हार मानली. प्रेक्षकांनी पटावर सोन्याची नाणी उधळली म्हणे. नाण्यांवर विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, चाल मात्र खरी आहे.

नेदरलँड्समधलं वाइक आन झी हे अशा डावांचं माहेरघर. आज तिथली स्पर्धा आपल्या टाटा स्टीलच्या नावाने होते. १९९९ मध्ये कास्पारोव्हने तिथे हत्ती देऊन टोपालोव्हचा राजा पार आपल्या पहिल्या ओळीपर्यंत ओढून आणला. खरं तर टोपालोव्हने तो हत्ती घ्यायलाच नको होता. न घेता डाव सावरता आला असता, पण मग आपण या महान डावाला मुकलो असतो! २०१३ मध्ये तिथेच आनंदने काळ्या मोहऱ्यांनी आरोनियनला तेविसाव्या चालीला गुंडाळलं. दोन उंट आणि घोडा राजावर रोखलेले, अगदी रुबिनस्टाइनने १९०७ मध्ये वुज शहरात रोटलेव्हीविरुद्ध रचले होते तसे. जुने डाव पाठ असण्याचा फायदा विश्वविजेत्यालाही होतो तो असा. आणि नाशिकच्या विदित गुजराथीने २०२४ च्या कँडिडेट्स स्पर्धेत नाकामुराच्या राजासमोरचं प्यादं उंट देऊन फोडलं, तो डावही जरूर बघा.

बघायचे कसे? चाली भराभर पुढे सरकवत नव्हे. खरा पट मांडा, जिंकणाऱ्याची पुढची चाल कागदाने झाका, स्वतःची चाल लिहा, मग कागद सरकवा. सुरुवात मॉर्फीच्या डावापासून करा, आणि कॉम्प्युटरचं इंजिन तेवढं बंद ठेवा.