‘बाप्तिस्मा’ म्हणजे काय?

एकोणिसाव्या शतकात नारायण शेषाद्री यांनी जालना शहराजवळ बेथेल ही ख्रिस्ती वसाहत वसवली. त्यांनी स्वतः 1843 साली बाप्तिस्मा घेतला होता. मराठी बायबलमधला हा शब्द मूळचा ग्रीक. ‘बाप्टिझो’ म्हणजे बुडवणे. त्याच कुळातले ‘बाप्टो’ हे क्रियापद कापड रंगात बुडवण्यासाठीही वापरत.

नव्या करारात मात्र अर्थ एवढ्यावर थांबत नाही. लूक 11:38 मध्ये जेवणाआधीच्या शुद्धीसाठी ‘बाप्टिझो’ हेच क्रियापद येते, तर मार्क 10:38 मध्ये येशू स्वतःवर येणाऱ्या यातनांनाच बाप्तिस्मा म्हणतो.

विधीबाबत पंथांत मतभेद आहेत. बॅप्टिस्ट मंडळ्या स्वतः विश्वास कबूल करणाऱ्यालाच पाण्यात पूर्ण बुडवतात. कॅथलिक चर्चमध्ये बहुधा तान्ह्या बाळाच्या डोक्यावर पाणी ओततात. ‘डिडाखे’ या प्राचीन ख्रिस्ती पुस्तिकेने वाहते पाणी पसंत केले, पण पुरेसे पाणी नसल्यास डोक्यावर तीनदा ओतण्याची मुभा दिली. ग्रीक शब्दच कायम ठेवल्यामुळे मराठी बायबल या वादात कोणाचीच बाजू घेत नाही.